कंपवाताची शस्त्रक्रिया आणि रुग्णाची वाणी

न्यासाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत सभासदांच्या कुटुंबांस उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासलेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. गेली काही वर्षे तो आमच्या घरातच आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, कंपवात जडला. पुढे औषधांचा गुण पुरेसा पडेना, म्हणून मेंदूत विजेच्या तारा बसविण्याची शस्त्रक्रिया झाली. हाताचा कंप थांबला. अण्णा कप स्वतः धरून चहा पिऊ लागले, दांडिया बाजारातून सूरसागरापर्यंत कुणाचा हात न धरता जाऊन येऊ लागले. घरात आनंदीआनंद झाला. पण चार-सहा महिन्यांत ताईच्या ध्यानात आले की, अण्णा बोलत नाहीत.

रोज सकाळी ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखविणारा हा माणूस ‘हो’, ‘नको’, ‘बघू’ एवढ्यावर येऊन थांबला. आम्हांला आधी वाटले, रुसले असतील. मग वाटले, विसरभोळे झाले. शेजाऱ्यांनी तर ‘वय झालं आता’ असा निकालच दिला. शस्त्रक्रियेपूर्वी बोलण्याविषयी कुणी काही सांगितल्याचे आम्हांस आठवत नाही. आणि खरे सांगायचे तर आम्हीही विचारले नव्हते. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकविले. वैद्यकात माझा अधिकार नाही. पण भाषेचा प्रश्न घरातच उभा राहिल्यावर स्वस्थ बसवेना. जे वाचले आणि जाणत्या डॉक्टरांकडून समजावून घेतले, ते येथे शक्य तितक्या सोप्या रीतीने मांडतो.

रोगाची थोडी ओळख

कंपवात हे नाव आपल्या आयुर्वेदात जुनेच आहे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांची लक्षणे एका छोट्या निबंधात नोंदविली, म्हणून जगभर हा रोग त्यांच्या नावाने ओळखला जातो. मध्यमेंदूत काळसर रंगाच्या पेशींचा एक पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. त्या मोठ्या संख्येने नष्ट झाल्या म्हणजे हातास कंप सुटतो, अंग ताठरते आणि हालचाली मंदावतात.

ज्या पदार्थापासून शरीरात डोपामिन बनते तो लेव्होडोपा आपल्या रानात उगवणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत असतो. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी या संशोधकांनी तो त्या बियांतून वेगळा काढला. मात्र त्याचा या रोगावर उपयोग १९६१ साली व्हिएन्नात प्रथम दिसून आला, आणि १९६७ साली अमेरिकेत डॉ. कोट्झियास यांनी वाढत्या मात्रेने तो देण्याची रीत बसविली. आजही हेच मुख्य औषध आहे. (या बिया आपल्या मनाने खाऊ नयेत; मात्रा चुकली तर अपाय होतो.) परंतु काही वर्षांनी औषधाचा अंमल दिवसभर टिकत नाही. कधी अंग गोठल्यासारखे होते, तर कधी अनावर वळवळते. शस्त्रक्रियेचा विचार येतो तो या टप्प्यावर.

हा रोग विरळा समजू नये. मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन केलेली एक पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. तीत दर लाखास ३२८ जणांना हा रोग आढळला. त्या समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे, हे त्याचे एक कारण; पण वृद्धांचे प्रमाण आता आपल्याही समाजात वाढतच आहे.

बोलणे म्हणजे तीन निरनिराळ्या गोष्टी

महाराष्ट्राचे लाडके लेखक पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी पुण्यात वारले, ते याच रोगाने जर्जर होऊन. एकट्याच्या वाणीवर भरलेले नाट्यगृह तासन्‌तास खिळवून ठेवणाऱ्या माणसालाही या रोगाने सोडले नाही, हे आठवले म्हणजे तो नुसता हातापायांचा रोग नव्हे, हे मनावर ठसते. १९७८ साली अमेरिकेतील संशोधक लोगमन यांनी सहकाऱ्यांसह २०० रुग्ण तपासले; त्यांपैकी ८९ टक्के रुग्णांच्या आवाजात बिघाड आढळला.

पण ‘बोलणे बिघडले’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी असतात, आणि कुटुंबाने त्या वेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट आवाज. तो बारीक, घोगरा, एकसुरी होतो. विशेष हे की, रुग्णास स्वतःस तो पुरेसा मोठा वाटतो. ‘तुम्हांलाच ऐकू येत नाही’ अशी त्याची तक्रार असते.

दुसरी गोष्ट उच्चार. जीभ, ओठ व श्वास यांचा मेळ सुटतो, अक्षरे एकमेकांत मिसळतात, वाक्य शेवटी घाईने संपते.

तिसरी गोष्ट भाषा, म्हणजे योग्य शब्द सुचणे आणि वाक्य जुळणे. ही बाहेरून दिसत नाही. माणूस गप्प बसतो आणि आपण त्याला अबोल, हट्टी किंवा मंद ठरवितो. या रोगात नामांपेक्षा क्रियापदे सुचण्यास जड जातात, असे अनेक ठिकाणच्या अभ्यासांत दिसले आहे. व्याकरणाच्या शिक्षकास हे चट्‌कन पटते. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि लिंग, वचन, काळ यांचा भार तेच वाहते. ‘मी भाकरी...’ एवढ्यावर वाक्य अडले, तर ‘खाल्ली’ की ‘खाईन’ की ‘नको’ हे ऐकणाऱ्यास कळावे कसे?

शस्त्रक्रिया कशी असते

मेंदूच्या खोल भागात, दोन्ही बाजूंस, मसुरीच्या दाण्यासारखा दोन्हीकडून फुगीर असा एक लहान पुंजका आहे. फ्रान्सच्या लुईस यांनी १८६५ साली त्याचे वर्णन केले. हालचालींना लगाम घालणे हे त्याचे एक काम. डोपामिन कमी पडले म्हणजे हा पुंजका अतोनात चेतावतो, आणि लगाम गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

शस्त्रक्रियेत कवटीस लहान छिद्रे पाडून बारीक शेवेएवढ्या जाडीची तार त्या पुंजक्यापर्यंत नेतात. तिच्या टोकाशी विजेचे स्पर्शबिंदू असतात. तार कातडीखालून छातीपर्यंत आणून गळ्याखालच्या हाडाच्या खाली बसविलेल्या एका डबीस जोडतात. हृदयासाठी जी डबी बसवितात तशीच ही असते. तीतून सेकंदास सुमारे १३० वेळा सौम्य विद्युत्‌स्पंद जातात. तार बसविताना पुष्कळदा रुग्णास जागे ठेवतात आणि हात हलविण्यास, अंक मोजण्यास, वार म्हणण्यास सांगतात, ते तार जागच्या जागी बसली की नाही हे कळावे म्हणून.

फ्रान्समधील ग्रनोबल येथे डॉ. बेनाबिद व त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली या पद्धतीची सुरुवात केली, आणि १९९३ साली वर सांगितलेल्या पुंजक्यात तार बसविली. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ही शस्त्रक्रिया आली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयातील डॉ. परेश दोशी यांचे नाव त्यात अग्रभागी आहे. हिने रोग बरा होत नाही. पण कंप, ताठरपणा आणि औषधाचे चढउतार पुष्कळ कमी होतात, गोळ्याही बऱ्याच कमी लागतात. योग्य निवडलेल्या रुग्णास तिचा लाभ मोठा होतो, यात शंका नाही. पुढचे वाचताना हे विसरू नये.

वाणीवर काय परिणाम होतो

शब्द सुचण्याची एक सोपी परीक्षा डॉक्टर घेतात. एका मिनिटात जितकी आठवतील तितकी प्राण्यांची नावे सांगा. मग एखाद्या ठराविक अक्षराने सुरू होणारे शब्द सांगा. २००६ साली २८ अभ्यासांतील ६१२ रुग्णांचे निष्कर्ष एकत्र मांडण्यात आले. स्मरणशक्ती व सर्वसाधारण बुद्धी यांत फारसा फरक नव्हता. पण शब्दांच्या या परीक्षेत शस्त्रक्रियेनंतर स्पष्ट उतार होता. २००८ साली जर्मन डॉक्टरांनी १२३ रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांपैकी काहींची शस्त्रक्रिया झाली होती, बाकीच्यांना केवळ औषधे होती. तेथेही तेच दिसले. म्हणजे अण्णांचा अनुभव एकट्याचा नव्हे.

हा उतार विजेमुळे की तारेमुळे? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ४५ रुग्ण होते. वीज बंद ठेवून पाहिले तरी शब्दांचा उतार गेला नाही. यावरून, तार मेंदूच्या पुढच्या भागातून खाली जाताना वाटेतील नाजूक जाळ्यास जो धक्का लागतो, त्याचा यात वाटा असावा असे मानतात. त्याच अभ्यासात, तार दुसऱ्या एका शेजारच्या पुंजक्यात बसविलेल्या रुग्णांत हा उतार कमी होता. म्हणून कोणत्या जागी तार बसवायची, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

उच्चाराची गोष्ट वेगळी. लंडन येथील तज्ज्ञांनी २०११ साली ३२ रुग्णांचा वर्षभराचा अनुभव प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर इतरांस बोलणे कळण्याचे प्रमाण सरासरीने घटले होते. केवळ औषधांवर असलेल्या रुग्णांत ही घट पुष्कळ कमी होती. डाव्या बाजूची तार आतल्या अंगास सरकलेली असणे आणि विजेचा दाब जास्त असणे, ही दोन कारणे विशेष आढळली. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूस असते, आणि जीभ-ओठांकडे जाणारे तंतू या पुंजक्याच्या अगदी लगत असतात. वीज तिकडे पसरली की हात सुधारतो आणि जीभ अडखळते. पण यात एक आशेची बाजू आहे. तारेने लागलेला धक्का परत घेता येत नाही. विजेचा दाब, वेग आणि स्पर्शबिंदू मात्र बाहेरून बदलता येतात.

केवळ हानीच होते असेही नाही. इटलीतील काही अभ्यासांत, वीज चालू असताना क्रियेची चित्रे पाहून क्रियापदे सांगणे सुधारले. तेथेच झानिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी थोड्या रुग्णांत वाक्यरचनाही सुधारल्याचे नोंदविले. थोडक्यात, शब्दांचा ओघ घटतो, उच्चार कधी बिघडतो, आणि व्याकरण मात्र कधी सावरते. म्हणून ‘भाषा बिघडते का?’ या प्रश्नास एका शब्दाचे उत्तर नाही.

घरची भाषा आणि बाजारची भाषा

आपणा बडोदेकरांस विशेष विचार करावयास लावणारा भाग आता सांगतो. ज्या शहरात १९३१ साली श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरूत राज्यकारभाराच्या शब्दांना अनेक भाषांतील प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले गेले, तेथील मराठी माणूस दोन भाषांत सहज वावरतो. घरात मराठी, बाजारात गुजराती.

झानिनी यांनीच २००४ साली इटलीच्या ईशान्य भागातील द्विभाषी रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची घरची भाषा फ्रिउली, शाळेत शिकलेली भाषा इटालियन. कंपवातात वाक्यरचनेचा बिघाड शाळेतल्या भाषेपेक्षा मातृभाषेत अधिक आढळला! याचे कारण असे सांगतात की, मातृभाषेचे व्याकरण आपण नियम पाठ करून शिकत नाही. पोहणे किंवा सायकल चालविणे जसे अंगवळणी पडते, तसे ते अंगवळणी पडते, आणि अंगवळणी पडलेल्या गोष्टी मेंदूच्या ज्या भागात राहतात तोच भाग हा रोग पोखरतो. पुढे शिकलेली भाषा जाणीवपूर्वक पाठ केलेली असते, ती दुसरीकडे राहते.

अण्णा घरात गप्प असत, पण दारावरच्या भाजीवालीशी दोन-चार गुजराती वाक्ये सहज बोलत. ताईला याचे फार वाईट वाटे. ‘परक्यांशी बोलतात, माझ्याशीच बोलत नाहीत,’ असे ती म्हणे. वर सांगितलेला अभ्यास वाचून मी तो तिला समजावून दिला. अर्थात एका माणसाच्या उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. शिवाय भाजीचा भाव विचारण्याची वाक्ये ठरलेली असतात, ती कुठल्याही भाषेत चटकन येतात. पण अण्णांचे मौन म्हणजे राग नव्हे, एवढे ताईला कळले, आणि तिचा जीव हलका झाला.

कुटुंबाने काय करावे

शस्त्रक्रियेपूर्वी पुढील गोष्टी कराव्यात, असे मी अनुभवाने व अभ्यासाने सांगतो.

१. रुग्णाचे दहा मिनिटांचे बोलणे व वाचन ध्वनिमुद्रित करून ठेवावे. पुढे ‘आधी कसे बोलत होते’ यावर वाद होत नाहीत.

२. शब्दांची व बोलण्याची परीक्षा मातृभाषेत घेण्याचा आग्रह धरावा. दुसरी भाषा वापरात असेल तर तीतही घ्यावी. इंग्रजीत घेतलेल्या परीक्षेवरून आपल्या आजीच्या बोलीची पारख होत नाही.

३. डॉक्टरांस स्पष्ट विचारावे: बोलण्यावर काय परिणाम संभवतो? तार कोणत्या जागी बसविणार, आणि का? नंतर वीज जुळविण्यासाठी किती वेळा यावे लागेल? बोलणे आधीच फार बिघडलेले असेल, तर शस्त्रक्रियेने ते सुधारेल अशी आशा धरू नये.

४. रुग्णास स्वतःस विचारावे. ज्याची उपजीविका किंवा आनंद हातावर अवलंबून आहे त्याचा निर्णय एक होईल. जो कीर्तन, अध्यापन वा वकिली करतो त्याचा कदाचित दुसरा होईल.

शस्त्रक्रियेनंतर बोलणे बदलले तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. ज्यांनी डबी जुळविली त्यांना ते सांगावे. हात किंचित कमी सुधारला तरी चालेल, बोलणे सांभाळा, असे म्हणण्याचा रुग्णास हक्क आहे. सोबत वाचोपचारतज्ज्ञांकडे जावे. मोठ्याने बोलण्याचा एक प्रसिद्ध अभ्यासक्रम १९८७ साली अमेरिकेत सुरू झाला. ली सिल्व्हरमन या कंपवात झालेल्या बाईंचे नाव त्यास दिले आहे. त्यात चार आठवडे, आठवड्यास चार दिवस, तासभर सराव असतो. शस्त्रक्रिया झालेल्यांना त्याचा गुण कमीअधिक येतो, पण सराव सोडू नये. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या संस्थांत रुग्ण व घरची माणसे एकत्र जमतात, त्याचाही आधार मोठा असतो.

घरातले उपाय तर बिनखर्चाचे आहेत. बोलताना दूरचित्रवाणी बंद करावी. समोर बसावे. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. शब्द अडला तर लगेच आपण पुरवू नये. मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे. ‘काय हवं?’ असे मोघम विचारण्यापेक्षा ‘चहा हवा की कॉफी?’ असे विचारावे. आणि त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी तिसऱ्याशी बोलू नये. शब्द सुचत नसले तरी ऐकलेले सारे समजत असते.

अण्णांची वीज दोनदा जुळवून घेतली. रोज अर्धा तास मोठ्याने वाचण्याचा नेम आम्ही धरला; पहिल्या पानावरचे मथळे ते वाचतात, खालचा मजकूर नातू वाचतो. पूर्वीचे अण्णा परत आले असे मी म्हणणार नाही. पण जेवताना ते आता आपण होऊन एखादे वाक्य बोलतात. परवा मी त्यांना विचारले, ‘अण्णा, पुन्हा वेळ आली तर ही शस्त्रक्रिया कराल का?’ उत्तरास बराच वेळ लागला. ताई मध्ये बोलणार होती, मी तिला खुणेने थांबविले. शेवटी ते म्हणाले, ‘हो, करीन. पण आधी सांगायला हवं होतं.’

वाचकांपैकी ज्यांच्या घरी हा निर्णय घेण्याची वेळ येईल, त्यांनी आमच्यासारखे नंतर नव्हे, आधी विचारावे. एवढ्यासाठीच हा लेख लिहिला. एका घरी जरी त्याचा उपयोग झाला, तरी श्रम कारणी लागले असे मी समजेन.